सोलापूर ‘मोकळं’ आहे म्हणे!

‘देशात दर चौरस किलोमीटरला 382 माणसं, सोलापुरात फक्त 290. आपण तर मोकळेच की! मग पाणी, कचरा, सिटीबस यांची ओरड कशाला?’ हा मेसेज सध्या शहरातल्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही आकडे 2011 च्या जनगणनेतले, खरेच. घोळ पुढच्या हिशेबात आहे.

‘सोलापुरात 290.’ हा आकडा जिल्ह्याचा: 43,17,756 लोक, 14,895 चौरस किलोमीटर. त्यातून महापालिका हद्द वेगळी काढा, म्हणजे 9,51,558 लोक आणि 178.57 चौरस किलोमीटर. शहराची घनता निघते 5,300 च्या वर, उरलेल्या जिल्ह्याची साधारण 229. सव्वा टक्का जमिनीवर बावीस टक्के माणसं. घंटागाडी आणि जलवाहिनी लागते ती या बावीस टक्क्यांना, आणि त्यांची तक्रार 290 ने झाकायची!

5,300 वरही फार विसंबू नका. 1992 च्या हद्दवाढीत शहर सुमारे 33 चौरस किलोमीटरवरून 178 वर गेलं, भोवतालची गावं शिवारासकट आत आली. भाजक पाचपट झाला, पेठांमधली दाटी मात्र तसूभर कमी झाली नाही. पूर्व भागात आजही कितीतरी घरांत पुढे यंत्रमाग नि मागे संसार. ते घर आणि हद्दवाढ भागातलं ज्वारीचं रान, सरासरी दोघांना एकाच मापाने मोजते.

‘देशभर अशीच गर्दी.’ बिहार 1,106, अरुणाचल 17. ईशान्य दिल्ली जिल्हा 36,000 च्या वर, अरुणाचलातलं दिबांग खोरं 1. लांब कशाला, आपल्याच राज्यात मुंबई उपनगर 20,000 च्या पुढे आणि गडचिरोली 74.

‘दुष्काळी भाग, म्हणून माणसं कमी.’ गडचिरोलीत सोलापूरच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो, पण दोन-तृतीयांशाहून अधिक जिल्हा जंगलाखाली. बिहारात गंगेच्या गाळाची सपाट, पिकाऊ जमीन. सोलापूर शहरात माणूस गोळा झाला तो गिरण्या, माग आणि विड्यांच्या कामामुळे. त्यात पावसाचा हात थोडाच.

काही हुशार मंडळी 121 कोटींना 32.87 लाख चौरस किलोमीटरने भागतात, 368 काढतात आणि जनगणनेलाच खोटं पाडतात. पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यातल्या जम्मू-काश्मीरच्या 1,20,849 चौरस किलोमीटरमध्ये शिरगणती होत नाही, म्हणून घनता काढताना ते क्षेत्र वगळलेलं असतं. तेवढं वजा करा, 382 च येतात.

सोयींचा हिशेब मांडायचा तर प्रभागापर्यंत उतरा. लोकसंख्या आणि क्षेत्रफळ मात्र एकाच प्रभागरचनेतलं घ्या. रचना बदलली की क्रमांक तोच राहतो, गल्ल्या दुसऱ्याच असतात.