मुंगी आणली का?

मूल पाच वर्षांचं झालं की त्रिगुणी लशीचा दुसरा बूस्टर येतो. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, तिघांचा बंदोबस्त एकाच सुईत. सुईचं काम काही सेकंदांचं. बाकी सगळा वेळ जातो तो धीर देण्यात, आणि खरं टोचतं ते तेच.

आमच्याकडे धीर द्यायला मी, बायको आणि माझी आई होतो. शिवाय वेटिंगमध्ये शेजारी बसलेल्या एक मावशी, विनामोबदला. अडचण एवढीच, की याच आईने नातीला आजवर "संपव भात, नाहीतर डॉक्टरकाका टुच्च करतील" म्हणत जेवू घातलं होतं. आज तेच काका अचानक "किती गं छान" झाले. लेकीने माझ्याकडे रोखून पाहिलं. भात तर तिने रोज संपवला होता!

"काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं," बायको म्हणाली.

"काकांनी मुंगी आणलीय? काळी की लाल?"

"काळी," मी घाईघाईने म्हणालो. त्याच क्षणी मावशी म्हणाल्या, "लाल."

नंबर लागला. पलंगावर आडवं करायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, "झोपवू नका, मांडीवर घेऊन पोटाशी धरा. आडवी केली की मुलं जास्त घाबरतात. आणि दुखणार नाही असं सांगू नका. टोचेल आणि संपेल, एवढंच सांगा."

"अहो, पोरीच्या देखत?" आई कळवळली.

सिस्टरनी साबणाच्या फुग्यांची डबी पुढे केली. लांब फुंकर मारली की श्वास संथ होतो, दंड सैल पडतो. आवळलेल्या दंडात सुई जास्त दुखते. लेक मन लावून फुंकायला लागली. फुगे तरंगू लागले, डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला, सगळं कसं जमून आलं होतं. तेवढ्यात आई ओरडली, "तो बघ, कावळा!"

खोलीला खिडकीच नव्हती. तरी मी आणि बायको छताकडे बघत राहिलो. लेकीने मात्र फुंकर सोडली नाही. "आऊ!" दोन थेंब गालावर, आणि लगेच चौकशी, "संपलं?" संपलं होतं. कावळा तेवढा सापडला नाही.

बाहेर मावशींचा नातू वाट बघत होता. त्याने हळूच विचारलं, "दुखतं का गं?"

डॉक्टरांचा नवा धडा ताजा होता. लेक ठणकावून म्हणाली, "टोचतं. लाल मुंगी. पण मग संपतं."

त्याने पहिलंच वाक्य ऐकलं आणि भोंगा लावला. त्याच्या सुरात एका तान्ह्याने सूर मिळवला, मग कोपऱ्यातल्या जुळ्यांनी. मावशी आमच्याकडे अशा बघू लागल्या, की दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगात आईची एक चप्पल सापडेना तेव्हा तीच म्हणाली, "राहू दे रे, नंतर नेऊ," आणि एका पायाने अनवाणी जिना उतरायला लागली.