सोलापूर सावरलं, मग नेपानगरचं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

मध्य प्रदेशातलं नेपानगर हे वृत्तपत्राचा कागद बनवणाऱ्या सरकारी नेपा मिलचं गाव. पेपर कमी खपू लागले की अशा गिरणीवर जगणारं गाव अडचणीत येतं, असं मी लेखात म्हटलं होतं. त्याला तुमचे तीन आक्षेप आहेत. पेपर कमी छापले तर झाडंच वाचतील. सरकारी गिरण्या गैरकारभाराने बुडाल्या, त्याचा पेपर न खपण्याशी संबंध नाही. आणि जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू या कापड गिरण्या बंद पडूनही सोलापूर कामाला लागलंच.

झाडांचं आधी उरकतो. नेपा मिल १९५५-५६ च्या सुमारास सुरू झाली, तेव्हा बांबू आणि सालईच्या लाकडावर चालायची. आता आपल्याकडे वृत्तपत्राचा कागद मुख्यतः रद्दीपासून होतो, नेपाचाही. तामिळनाडूत करूरजवळच्या गिरणीने तो बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून काढला. आपल्या सोलापूर जिल्ह्यातले साखर कारखाने तेच बॉयलरला घालतात. म्हणजे घरचा पेपर बंद केला म्हणून जंगल वाचलं, असं होत नाही. उलट गिरणीचं गिऱ्हाईकही जातं आणि रद्दीही आटते. दोन्ही बाजूंनी असा एकदम मार खाणारा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही.

गैरकारभार होताच. जुनी यंत्रं होती, बाहेरून येणारा कागद स्वस्त पडायचा. २०१९ मध्ये आयातीवर १० टक्के शुल्क लागलं, पेपरवाल्यांनी ओरड केली, पुढच्याच वर्षी ते ५ टक्क्यांवर आलं. (त्या ओरडीत गिरणी कामगारांची बाजू किती पेपरांनी छापली, हे सोडून देऊ.) पण फिनलंडमधली काइपोलाची कागद गिरणी खासगी कंपनीची होती. मागणी घटली, खर्च परवडेना, म्हणून २०२० अखेर तीही बंद झाली आणि साडेचारशेच्या आसपास नोकऱ्या गेल्या. तिथे कोणत्या सरकारी बाबूला दोष देणार?

आता सोलापूर. जुनी मिल १८७७ ची. ती बंद पडली तेव्हा शहरात माग होते, बाजारपेठ होती, रेल्वे होती. गिरणीतून सुटलेला माणूस मागावर गेला, घरातल्या बाईने विड्या वळल्या. याला सावरणं म्हणायचं की कमी मजुरीत भागवणं, हे एकदा सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत जाऊन विचारा.

नेपानगरला तेवढंही नव्हतं. भुसावळ-खंडवा मार्गावरचं हे गाव गिरणीसाठीच वसवलेलं. क्वार्टर गिरणीचं, शाळा आणि दवाखानाही गिरणीचाच. नूतनीकरणासाठी २०१६ मध्ये उत्पादन थांबलं, ते थेट ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालं. सहा वर्षं! अशा गावात कामावरून सुटलेला माणूस कोणाच्या दारात जाणार? शेजारीही त्याच गिरणीतला. आमच्याकडे गिरण्या बंद पडल्या. तिकडे गावाचा धनीच गेला. म्हणून या दोन गावांची तुलना मला पटत नाही.

एक मात्र बरं झालं. नूतनीकरणात नेपाने लिहिण्या-छापण्याचा कागद काढायचीही सोय केली आहे. वह्या-पुस्तकांना अजून मागणी आहे, तेव्हा निदान नुसत्या पेपरवाल्यांवर भिस्त राहणार नाही.