आमच्या रस्त्यावरचं दहा बेडचं घर

आमच्या भागातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक अर्ज फिरला. आमच्या रस्त्याच्या टोकाला सहा वृद्धांचं केअर होम आहे, ते दहा जणांचं करायला सिटीने परवानगी देऊ नये, असा तो अर्ज. खाली सह्या. सह्यांमध्ये आपलीही नावं दिसली. ज्यांच्याकडे मी गणपतीत आरतीला जाते, त्यांचीसुद्धा. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. ग्रुपवर तीन ओळींत वाद घालून काही होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. पोस्ट लांबली आहे, पण येत्या मंगळवारी सिटी कौन्सिलपुढे सुनावणी आहे. त्याआधी कृपा करून वाचा.

जे भारतात आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. कॅलिफोर्नियात अशा घराला बोलताना ‘बोर्ड अँड केअर’ म्हणतात. साधं बैठं घर असतं. गॅरेज, पुढे हिरवळ, पायऱ्यांच्या जागी रॅम्प. पाटी सहसा नसते, आणि माहीत नसेल तर तुम्ही समोरून रोज फिरायला जाल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. चालवायला राज्याच्या सोशल सर्व्हिसेस खात्याचं लायसन्स लागतं, घर सांभाळणाऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरला ८० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा असते, आणि तपासणीचे अहवाल खात्याच्या साइटवर कोणालाही वाचता येतात. राहणारी माणसं सहा किंवा कमी असतील तर राज्याचा कायदा त्यांना एक कुटुंब मानतो. शेजारच्या घराला जे झोनिंगचे, म्हणजे कुठल्या वस्तीत काय चालवता येईल ह्याचे नियम, तेच ह्या घराला. सिटीला वेगळी परवानगी मागता येत नाही, आणि एचओएच्या, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या करारात ‘फक्त एका कुटुंबाच्या राहण्यासाठी’ असं लिहिलेलं असलं तरी त्यावर बोट ठेवून अडवता येत नाही.

सातवं माणूस आलं की चित्र पालटतं. मग आमच्यासारख्या सिटीत यूज परमिट, म्हणजे जागेच्या अशा वापराची खास परवानगी लागते, ३०० फुटांच्या आतल्या घरमालकांना नोटीस जाते, सुनावणी होते. आमच्याकडे सिटीच्या प्लॅनिंग कमिशनने अटी घालून परवानगी दिली. काही शेजाऱ्यांनी त्यावर अपील केलं, आणि आता प्रकरण कौन्सिलकडे आलं आहे.

अर्जात पहिलंच वाक्य आहे की मालकाला जास्त पैसे कमवायचे आहेत, म्हणून दहा. पैशांचं गणित आहेच, पण ते मांडून बघा. २०२५ मध्ये राज्यातलं किमान वेतन ताशी १६.५० डॉलर. घरात एक मदतनीस चोवीस तास हवी म्हटलं तर महिन्याचे ७२० तास, म्हणजे ११,८८० डॉलर झाले. ह्यात ओव्हरटाइम आणि टॅक्स धरलेलेच नाहीत. सहा जणांत वाटले तर डोई १,९८० डॉलर, दहा जणांत वाटले तर १,१८८. दिवसा दहा जणांना एक बाई पुरत नाही हे उघड आहे. पण रात्रपाळी, स्वयंपाक, घराचा हप्ता, विमा ह्या सगळ्याला थोडंफार हेच गणित लागू पडतं. आणि हे पैसे येतात कुठून? मेडिकेअर, म्हणजे इथला वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, अशा घरातल्या राहण्याजेवण्याचा खर्च देत नाही. बहुतेक कुटुंबं पदरचे मोडतात. म्हणून सहाच्या आकड्यावर अडून बसलं की छोटी घरं एकतर महाग होतात, नाहीतर बंद पडतात. मग उरतात ती हायवेलगतची शंभर-दीडशे खोल्यांची कॉर्पोरेट संकुलं.

आता आक्षेप. पार्किंगचा आक्षेप मला मान्य आहे. आतली कोणीच गाडी चालवत नाहीत, पण पाळी बदलताना मदतनिसांच्या दोन-तीन गाड्या एकदम येतात, रविवारी मुलं-नातवंडं येतात. त्यावर कमिशनने ड्राइव्हवे रुंद करण्याची आणि स्टाफच्या गाड्या आत लावण्याची अट घातली आहे. ती कमी वाटत असेल तर आणखी कडक करायला सांगा. पण आमच्याच रस्त्यावर अशी घरं आहेत जिथे चार गाड्या आहेत आणि गॅरेजमध्ये पिंगपाँगचं टेबल आहे, त्यांच्याविरुद्ध अजून कोणी अर्ज केलेला नाही.

घरांच्या किमती पडतील, ही भीती दरवेळी पुढे येते. गेल्या कित्येक दशकांत अमेरिकेत अशा ग्रुप होम्सच्या आसपासच्या किमतींवर वारंवार अभ्यास झाले आणि बहुतेकांना घसरण सापडली नाही. आमच्या रस्त्यावर हे घर सहा जणांसह गेली काही वर्षं चालूच आहे आणि त्याच्या अगदी लगतची घरंही मागितल्या किमतीच्या वर गेली. ही डोळ्यांसमोरची गोष्ट आहे.

मला सर्वांत जास्त लागला तो अँब्युलन्सचा मुद्दा. ‘रात्री-अपरात्री अँब्युलन्स येते, मुलांवर परिणाम होतो.’ म्हातारं माणूस बाथरूममध्ये घसरलं की ९११ ह्या आणीबाणीच्या नंबरवर फोन लावावा लागतो. इथे त्या फोनवर फायर इंजिनही येतं, दिवे लावून येतं. पण ती गाडी ज्या माणसासाठी येते ते माणूस कुठे ना कुठे राहणारच आहे, आणि तिथेही ती जाणारच आहे. आपण फक्त एवढंच म्हणतोय की ते आमच्या खिडकीतून दिसू नये. मुलांवर परिणाम होतो तर होऊ दे. आजारपण असतं, माणसं म्हातारी होतात, शेजारी गाडी आली की आपण चौकशीला जातो, हे मुलांनी शिकायचं कुठे? आपण वाड्यात, चाळीत वाढलो. पलीकडच्या खोलीतले आजोबा खोकायचे, मग एक दिवस खोकणं बंद झालं आणि आई दूध घेऊन तिकडे गेली. आपल्यावर झालेला परिणाम वाईट होता का?

मी हे लांबून बोलत नाहीये. माझ्या सासूबाई, माई, जवळच्याच दुसऱ्या गावात अशाच सहा जणांच्या घरात राहतात. डिमेन्शिया आहे. आम्ही घरी सांभाळून पाहिलं. दोन मजली घर, दोघांच्या नोकऱ्या. एकदा पहाटे माई नऊवारीत, अनवाणी, बाहेर पडून चौकापर्यंत गेल्या होत्या, साताऱ्याची एसटी शोधत. त्यानंतर आम्ही निर्णय घेतला. मोठी संकुलंही बघितली. लॉबीत झुंबर, पियानो, छापील मेन्यू. माईंना लिफ्टपासून खोलीपर्यंतचा कॉरिडॉर ओलांडेपर्यंत आपण कुठून आलो तेच आठवेना. सगळी दारं सारखी होती.

आताच्या घरात स्वयंपाकघर मधोमध आहे. माई सकाळी खुर्चीत बसून ओट्याकडे बघत असतात. तिथली फिलिपिनो मदतनीस आलं घालून तांदळाची पातळ खीर करावी तसं काहीतरी करते, गोड नाही, मिठाचं. माई त्याला पेज म्हणतात आणि आम्ही नेऊन दिलेलं मेतकूट वर घालून खातात. तिने एकदा चाखून पाहिलं, तेव्हापासून मेतकुटाची बाटली मिठाच्या शेजारी असते. औषधं कुलपातल्या कपाटात, प्रत्येकाची वेगळी. बाहेरच्या दाराला बेल आहे, दार उघडलं की वाजते. पांढऱ्या फळ्यावर वार आणि तारीख लिहितात, आणि त्याखाली ‘आज सून येणार’ असं मी शिकवलेलं देवनागरीत. त्या मदतनिसाची अक्षरं वाकडी येतात, पण माई वाचतात. संध्याकाळी पाचच्या सुमाराला माईंचा जीव घाबरा होतो, घरी जायचं म्हणून हट्ट धरतात. तेव्हा ती त्यांना पावट्याच्या शेंगा निवडायला देते. दाणे बाजूला, टरफलं बाजूला. तेवढ्यात वेळ टळते.

हे घर एका नेहमीच्या रस्त्यावर आहे म्हणून हे होतं. मी ऑफिसातून परतताना पंधरा मिनिटं डोकावते. माझा मुलगा सायकलवर जातो. हेच घर इंडस्ट्रियल पार्कच्या मागे असतं तर आम्ही रविवारचे पाहुणे झालो असतो.

झोनिंगचा उगम कुठला, तेही ह्या निमित्ताने पाहावं. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावच्या खटल्यात अमेरिकन सुप्रीम कोर्टाने झोनिंगला मान्यता दिली. कारखान्याचा धूर घरांपासून लांब ठेवावा, हे कोणालाही पटेल. पण त्याच निकालात, एकेका कुटुंबाच्या घरांच्या वस्तीत अपार्टमेंटची इमारत म्हणजे बांडगूळ, अशा अर्थाचं लिहून ठेवलं आहे. धूर लांब ठेवायचा नियम माणसं लांब ठेवायलाही वापरता येतो, हे तेव्हापासून चालत आलं आहे.

पुढे टेक्सासमधल्या क्लीबर्न गावात मतिमंद प्रौढांसाठी १३ जणांचं घर काढायचं ठरलं. गावाने विशेष परवाना मागितला आणि मग तो नाकारला. कारणं वाचली तर वाटतं आमच्या ग्रुपवरचीच आहेत. शेजाऱ्यांना भीती वाटते. समोर शाळा आहे, मुलं त्रास देतील. घरात माणसं फार होतील. एक कारण तर असं की पाचशे वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या पट्ट्यात ती जागा येते. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवान्याची ती सक्ती रद्द ठरवली. शाळेचं कारण कोर्टाने खोडून काढलं, कारण त्याच शाळेत साधारण ३० मतिमंद मुलं आधीपासून शिकत होती. आणि शेजाऱ्यांच्या नुसत्या नापसंतीवर गावाला निर्णय टेकवता येणार नाही, हे स्पष्ट केलं. मला त्यातली एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्याच जागेवर वृद्धांचं शुश्रूषागृह काढायला क्लीबर्नच्या नियमांत विशेष परवाना लागतच नव्हता. टेक्सासमधल्या त्या छोट्या गावालासुद्धा म्हातारी माणसं वस्तीत असणं वावगं वाटलं नव्हतं.

नंतर १९८८ मध्ये घर देताना होणारा भेदभाव रोखणाऱ्या फेअर हाउसिंग कायद्यात दुरुस्ती होऊन अपंगत्वावरून घर नाकारणं बेकायदा झालं, आणि अशा व्यक्तींसाठी नियमांत वाजवी सवलत देणं सिटीवर बंधनकारक झालं. ज्याला उठता-बसता, आंघोळीला, गोळ्या घ्यायला माणूस लागतो, तो ह्यात मोडतो. म्हणजे कौन्सिलने केवळ सह्यांचा ढीग बघून परवानगी नाकारली तर ती कोर्टात टिकेल का, हा प्रश्न सिटीच्या वकिलालाही पडला असणार.

आता आपल्या माणसांबद्दल. एका जुन्या मैत्रिणीने मला लिहिलं, ‘अगं, आपण आई-वडिलांना घरीच ठेवतो, आपल्याला ह्याचं काय?’ मी तिला विचारलं, तुझ्या सासऱ्यांना रात्री कोण उठवतं? उत्तर आलं नाही, आणि मला माहीत आहे की तीच उठवते, दोनदा, आणि सकाळी सात वाजता कॉलवर असते. आपल्यापैकी बहुतेक जण साठीकडे निघालोय. मुलं सिॲटलला, टोरंटोला. ही घरं आपल्याचसाठी आहेत, आणि आपणच सह्या करून ती आपल्या वस्तीतून घालवतोय.

तिकडेही वेगळं नाही. पुण्यात बंगल्यात छोटा वृद्धाश्रम निघाला की सोसायटीत कुरकुर सुरू होते, हे मी नातेवाइकांकडून ऐकते. भारतातला २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम हवा म्हणतो, आणि तो किमान १५० जणांचा. निराधारांना छप्पर मिळावं हा हेतू चांगलाच आहे. पण वृद्धाश्रम म्हटला की दीडशे माणसं आणि गावाबाहेरची जागा हेच चित्र आपल्या मनात बसलंय. सहा-दहा जणांनी आपल्याच पेठेत, देऊळ आणि भाजीवाला चालत जाण्याच्या अंतरावर असेल तिथे राहावं, ह्याचा विचार फार कमी होतो.

ह्याचा अर्थ डोळे मिटून हो म्हणा असा नाही. छोट्या घरात हेळसांडही होते, एकटी मदतनीस रात्रभर थकून जाते. कौन्सिलकडे मागायचंच असेल तर हे मागा: दहा जण असताना रात्री किमान एक माणूस जागं असावं, कारण सोळापेक्षा कमी माणसांच्या घरात राज्याचा नियम रात्री कोणी जागं असण्याची सरसकट सक्ती करत नाही. आग विझवणारे स्प्रिंकलर बसवल्याशिवाय सातवं माणूस येऊ नये. शेजाऱ्यांना तक्रारीसाठी एक फोन नंबर मिळावा, आणि वर्षाने अटींचा आढावा व्हावा. अशा मागणीवर माझी सही पहिली असेल.

सुनावणी मंगळवारी संध्याकाळी सात वाजता सिटी हॉलमध्ये आहे. बोलायला प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात, आधी नाव नोंदवायची चिठ्ठी भरायची. यायला जमत नसेल तर सिटी क्लार्कला ईमेल करा, तो रेकॉर्डवर जातो. पत्ता कमेंटमध्ये देते. अर्जावर सही करून बसला असाल आणि आता वेगळं वाटत असेल, तर त्याच पत्त्यावर तसं दोन ओळींत कळवा. विरोधात बोलणारे बरेच येतील. बाजूने बोलणारे बहुधा त्या घराची मालकीण, तिथल्या एका आजींचा मुलगा आणि मी. मी साडेसहाला निघतेय, गाडीत चार जागा आहेत. यायचं असेल तर मेसेज करा, घरून घेऊन जाईन.