राजापूर मतदारसंघ कोणी संपवला?

१३ निवडणुका, आणि खासदार फक्त चार. १९५७ पासून २००४ पर्यंतचा राजापूर लोकसभा मतदारसंघाचा हा हिशोब. नाथ पै तीनदा, मधु दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा आणि सुरेश प्रभू चारदा. २००८ ला मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या, त्या फेररचनेत हा मतदारसंघ गेला. आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणतात. दर निवडणुकीला फेसबुकवर कोणीतरी नाथ पैंचा आणि दंडवत्यांचा फोटो टाकतो, "कुठे ते खासदार आणि कुठे हे" असं लिहितो आणि खाली शंभर जण हात जोडतात. गेल्या वेळी मीही जोडले. पण त्या फोटोत एक गोष्ट कधीच दिसत नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आधी नावाची गंमत. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि राजापूर तालुका राहिला रत्नागिरीत. म्हणजे वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडीचा माणूस मत द्यायचा 'राजापूर'ला, जे गाव पलीकडच्या जिल्ह्यात. माझी आजी जन्मात राजापूरला गेली नाही, पण "आमचो राजापूरचो खासदार" हे ती ऐटीत सांगायची.

आजीला वाचता येत नव्हतं. तिचा लोकसभेचा इतिहास निशाण्यांचा होता. आधी झोपडी, मग नांगरधारी शेतकरी, मग चक्र. माणसं दोनच, पक्ष बदलत गेले, आणि आजीला पक्षाशी काही देणंघेणं नव्हतं. नाथ पैंच्या सभेला ती आणि वाडीतल्या बायका जेवणं आटपून, कंदील घेऊन चालत जायच्या. कशाबद्दल बोलले विचारलं की म्हणायची, "सगळा काय कळाक नाय, पण बोलणा आयकत रव्हासा वाटा."

आता कळायचं तरी कसं? गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सांगितलं की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यावर संसदेचा अधिकार परत मिळवण्यासाठी खासगी विधेयक आणलं ते वेंगुर्ल्याच्या या बॅरिस्टरने. ते मंजूर झालं नाही, पण पुढे १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीने जे केलं त्याची वाट तिथूनच गेली होती. नाथ पै मात्र त्याच वर्षी १८ जानेवारीला बेळगावात गेले. वय ४८. निवडणूक दीड महिन्यावर आली होती.

त्या जागी उभे राहिले मधु दंडवते. नगरचा माणूस, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. म्हणजे आजच्या भाषेत 'उपरा'. स्थानिक विरुद्ध बाहेरचा असा वाद आज ग्रामपंचायतीलाही होतो, आणि या मतदारसंघाने एक नगरकर पाच वेळा दिल्लीला पाठवला. तोही वारं उलटं असताना. १९७१ च्या इंदिरा लाटेत प्रजा समाजवादी पक्षाच्या देशभरात दोन जागा आल्या, त्यातली एक राजापूर. १९८४ ला, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत, जनता पक्षाच्या दहा आल्या, त्यातही राजापूर होतंच.

दंडवत्यांनी रेल्वेमंत्री म्हणून काय केलं हे सगळ्यांना पाठ आहे: दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोम घातला. १९७४ च्या संपात काढून टाकलेल्या रेल्वे कामगारांना कामावर परत घेतलं हे मात्र फोटोखाली कोणी लिहीत नाही. मला विचाराल तर फोमपेक्षा ते मोठं. ज्यांच्या चुली त्या पगारावर होत्या त्यांना विचारा.

आणि मग कोकण रेल्वे. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, हा योग जुळला आणि रोहा ते मंगळूर मार्गासाठी महामंडळ झालं. पुढच्याच वर्षी, १९९१ ला, राजापूरने दंडवत्यांना पाडलं. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. हात जोडणाऱ्या शंभर जणांनी हे साल आठवावं. दंडवत्यांनी रूळ मंजूर केले, सावंतांच्या काळात बोगदे खणले गेले आणि १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्गावरून गाडी धावू लागली तोवर जागा शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडे गेली होती. हेच प्रभू पुढे २०१४ ला रेल्वेमंत्री झाले, पण तेव्हा राज्यसभेतून. एका मतदारसंघाचे दोन खासदार रेल्वेमंत्री, आणि आमच्या एका गाडीचं वेटिंग काही संपत नाही. असो.

आता मूळ मुद्दा. २००४ च्या निवडणुकीत, म्हणजे राजापूरच्या शेवटच्या निवडणुकीत, मी आमच्या शाळेतल्या केंद्रावर एका उमेदवाराचा पोलिंग एजंट होतो. शेजारी दुसऱ्या पक्षाचे एक वयस्क काका. दुपारी रांग संपली तसे ते यादीवर पट्टी ठेवून पेन्सिलीने खुणा करायला लागले. "हो मुंबयक गेलो. हो पण मुंबयक. ही लगीन होवन ठाण्याक. हो मुंबयक." मग जरा थांबले, चष्मा पुसला. "हो... हो वर गेलो." एका पानावरची जवळजवळ निम्मी नावं अशी गेली. उरलेल्यांत बायका जास्त.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०७९. याला काही लोक स्त्रीसन्मान वगैरे म्हणतात. अहो, पुरुष होते कुठे? गिरणीत, गोदीत, नंतर वॉचमनच्या खुर्चीत. गावात राहिल्या त्या मनीऑर्डरची वाट बघणाऱ्या. नाथ पै आणि दंडवते निवडून यायचे त्यात या कंदीलवाल्या बायकांची मतं किती, याचा हिशोब कोणी मांडलेला मी तरी वाचला नाही. 'सुसंस्कृत मतदारसंघ' म्हणून गौरव झाला तो वक्त्यांचा, ऐकणारणींचा नाही.

आणि याच जाण्याने मतदारसंघ संपवला. फेररचना डोकी मोजून होते. महाराष्ट्राच्या जागा ४८ च राहिल्या, फक्त आत सरकल्या. ठाणे जिल्ह्यात ठाणे आणि डहाणू अशा दोन होत्या, त्या ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर अशा चार झाल्या. इकडे रत्नागिरी आणि राजापूर मिळून एक. दापोली-गुहागर रायगडला जोडले. सिंधुदुर्गच्या आमदारकीच्या चार जागांच्या तीन झाल्या, आणि देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावंच यादीतून पुसली गेली. लोक म्हणतात कोकणावर अन्याय झाला. अन्याय कुणी केला? कल्याण-डोंबिवलीत वाढलेल्या डोक्यांत आमचीच किती असतील ते तिथल्या चाळीत गणपतीच्या आधी एक फेरी मारून बघा. आमचाच खासदार आम्ही बिऱ्हाडाबरोबर ट्रंकेत घालून तिकडे नेला.

रेल्वे आली की माणसं परत येतील असं दंडवत्यांच्या पिढीला वाटायचं. २००१ ला सिंधुदुर्गात ८ लाख ६९ हजार माणसं होती, २०११ ला साडेआठ लाख राहिली. रत्नागिरी तर १७ लाखांवरून १६ वर आली. रेल्वेने येणं सोपं झालं तसं जाणंही झालं. आता २०२६ नंतरच्या जनगणनेवर पुन्हा फेररचना व्हायची आहे. तेव्हा आमचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

परवा डोंबिवलीच्या चुलतभावाचा फोन. त्याचं नाव तिकडच्या यादीतही आहे आणि गावच्या यादीतही. म्हणे, "दादा, गावातला नाव काढून टाक, उगाच लफडा नको." नाव वगळायचा अर्ज आणून भरून ठेवलाय. सही त्यालाच करावी लागेल. गणपतीत येईल तेव्हा करतो म्हणालाय.