पूर्ण खेळलात का, काका?

"खेळून झाला म्हणून देताय, की झेपला नाही म्हणून?"

हे दुकानदाराने विचारलं असतं तर चाललं असतं. विचारलं रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या पोराने, ज्याची हनुवटी जेमतेम काउंटरला पोचत होती. मी जुना व्हिडिओ गेम देऊन दुसरा घ्यायला आलो होतो, बाकी काही नाही. काउंटरवरचा माणूस डिस्क उजेडात तिरकी धरून ओरखडे शोधत होता.

"झालाय खेळून," मी म्हणालो.

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग शेवटी त्याचा भाऊ मरतो का?"

मी बर्फाच्या गुहेच्या पुढे कधी गेलोच नव्हतो. नायकाला भाऊ आहे, हीच मला बातमी होती. काउंटरवरच्या माणसानेही डिस्क खाली घेतली आणि कान टवकारले.

"मरतो," मी ठोकून दिलं.

"त्याला भाऊच नाहीये, काका."

रांगेत कोणीतरी खोकलं. "गुहेत अडकलात ना?" पोराचा आवाज एकदम मऊ झाला. "सगळे मोठे लोक तिथेच अडकतात. डावीकडच्या खांबामागे उभं राहायचं." पाठ थोपटायचीच काय ती बाकी ठेवली त्याने.

एवढी अब्रू गेल्यावर घासाघीस कुठून करणार? "ओरखडा आहे," म्हणत त्या माणसाने भाव पाडला. गेमची डिस्क ब्लू-रे जातीची, तिच्यावर ओरखड्यांपासून वाचवायलाच टणक लेप असतो, केसभर रेघेने तिला काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. पण बोलायची सोय राहिली नव्हती. मागच्या फळीवर हाच गेम, असल्याच रेघांसकट, दुपटीहून जास्त भावाने उभा होता.

तरी सेकंडहँडची सोय मी नाकारत नाही. स्वस्तात मिळतो, नाही आवडला तर पुढे सरकवता येतो. नेमकं हेच कंपन्यांच्या डोळ्यांत खुपतं. २०१० साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीने 'ऑनलाइन पास' काढला: नव्या डिस्कसोबतचा कोड एकदाच चालणार, जुनी डिस्क घेणाऱ्याने ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे मोजायचे. २०१३ मध्ये तो गुंडाळला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या गेम खेळायच्या यंत्रासाठी जुन्या गेमच्या देवघेवीवर बंधनं जाहीर केली आणि आरडाओरडा झाल्यावर जूनमध्ये मागे घेतली. प्लेस्टेशन हे तसलंच यंत्र बनवणाऱ्या सोनीने तेव्हा व्हिडिओ काढून टोमणा मारला: गेम शेअर कसा करायचा? एकाने डिस्क पुढे करायची, दुसऱ्याने थँक्स म्हणायचं. आपण हसलो. २०२० मध्ये त्याच सोनीने प्लेस्टेशन ५ चा डिस्क घालायची सोयच नसलेला एक प्रकारही बाजारात आणला. त्यावर घेतलेला गेम विकायचा म्हटलं तर विकणार काय? पैसे पूर्ण आपले, गेमचा मात्र नुसता परवाना.

बदल्यात आणलेल्या गेमची तऱ्हा अशी, की आतल्या कागदावरचा जादा प्रकरणाचा कोड आधीच्या मालकाने वापरून टाकलेला. ते प्रकरण हवं तर कंपनीकडून विकत घ्या, आणि तिथे सेकंडहँड भाव नाही. दुकानात मोजलेले आणि हे, दोन्ही मिळून नव्या गेमच्या किती जवळ जातं ते पाहावं म्हणून बेरीज करायला घेतली. अर्ध्यातच सोडली.