शेरीनाल्यातला युरिया

कृष्णेत मासे मरून तरंगायला लागले की आमच्या घरच्या ग्रुपवर शेरीनाल्याचे, म्हणजे सांगलीचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या नाल्याचे, व्हिडिओ येतात. काळं पाणी, फेस, नाकाला रुमाल लावलेला वार्ताहर. मग ठरलेली हुज्जत: दोष महापालिकेचा की कारखान्यांचा? मी मूळचा सांगलीचा, राहतो अमेरिकेत केप कॉडला. इथलं पाणी नितळ, म्हणून पूर्वी मीही चार शब्द सुनवायचो. हल्ली गप्प बसतो.

कारण इथल्या बहुतेक घरांना गटारच नाही. माझ्या अंगणातही सेप्टिक टँक आहे, ज्याला आपल्याकडे 'सेफ्टी टँक' म्हणतात, आणि पुढे शोषखड्डा. खाली निव्वळ वाळू. गाळ टाकीत राहतो, वास येत नाही, कुणाची तक्रार नाही. पण सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट होतं आणि ते भूजलाबरोबर दिवसाला फूटभर सरकत राहतं. काही वर्षांनी खाडीत पोचतं. तिथे शेवाळ माजतं आणि त्याच्या सावलीत तळाचं समुद्रगवत मरतं. स्फुरद (फॉस्फरस) वाळूवरच्या लोहाला चिकटून मागे रेंगाळतं, एवढंच. इथल्या लष्करी तळाने 1936 ते 1995 प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाळूत मुरवलं. त्यातलं स्फुरद ॲशुमेट तळ्यापर्यंत आलं, तेव्हा 2004 मध्ये काठाशी लोखंडाचा चुरा पुरावा लागला. 2023 मध्ये इथल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने नियम केला: गावाने नत्र (नायट्रोजन) कमी करण्याचा आराखडा द्यावा, नाहीतर घरमालकांनी पाच वर्षांत टाकीला नत्र काढणारी नवी यंत्रणा बसवावी.

त्यामानाने शेरीनाल्याचं पाणी शुद्ध करून धुळगावच्या शेतीला द्यायची आपली योजना मला शहाणपणाची वाटते. फक्त त्या पाण्यातल्या नत्राचा हिशेब कुणी मांडत नाही. लिटरला 30 मिलीग्रॅम नत्र धरलं, तर दहा लाख लिटर पाण्यातून 30 किलो मिळतं. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत असतं साधारण 21 किलो. म्हणजे जवळपास दीड गोणी फुकट. ती वजा न करता वरून नेहमीचा डोस टाकला, तर जादाचं विहिरीत उतरणार.

डिग्रजच्या दादाने विहिरीचं पाणी तपासून घेतलं. नायट्रेट लिटरला 61 मिलीग्रॅम, मर्यादा 45. "तुमच्याकडं 10 आणि आम्हाला 45 चालतंय?" म्हणून चिडला. मर्यादा एकच आहे. तिथे अख्खं नायट्रेट मोजतात, इथे त्यातलं फक्त नत्र. हे सांगून झाल्यावर मी म्हटलं, विहिरीच्या पाण्यातही नत्र आहे, यंदा एक गोणी कमी टाकून बघ.

"आणि ऊस पिवळा पडला, तर टनेज तू भरून देणार व्हय?"

मी विषय बदलला. नवी यंत्रणा मीही अजून बसवलेली नाही. गाव सांडपाण्याची पाइपलाइन टाकेल म्हणून वाट बघतोय.