"लुळ्या कॉलरचा जुना शर्ट, 48 डॉलर" या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू मराठीत लिहिलात म्हणून मीपण मराठीतच लिहितो. कॉलर लुळी आहे आणि मधे फुगते, मिस्टरांना शर्ट ढगळ होतो, इस्त्री तासभरही टिकत नाही, आणि वापरलेल्या शर्टाचे 48 डॉलर म्हणजे लूट. सगळं वाचलं. एक स्टार पण दिसला.

आधी माझी चूक. मी साइटवर नुसतं "लार्ज" लिहून मोकळा झालो. या शर्टांवर 16½-34 असे इंचांचे आकडे असतात, पहिला गळ्याचा, दुसरा बाहीचा, आणि बाही खांद्यापासून नाही तर मागे मानेच्या मधोमधपासून खांद्यावरून मनगटापर्यंत मोजतात. हे आणि छातीचं माप दोन्ही टाकायला हवं होतं, कारण या ब्रँडचा कट मुळातच ऐसपैस. त्यामुळे ढगळची तक्रार शंभर टक्के मान्य.

कॉलरचं मात्र अजिबात मान्य नाही हां. हा ब्रुक्स ब्रदर्स या जुन्या अमेरिकन कंपनीचा ऑक्सफर्ड (जाडसर विणीच्या कॉटनचा, कॉलरला बटणं असलेला शर्ट) आहे, नॉर्थ कॅरोलिनातल्या गारलँडच्या फॅक्टरीत शिवलेला, जी 2020 मध्ये बंद झाली. 1896 च्या सुमाराला त्यांच्यातल्या जॉन ब्रुक्सने इंग्लंडमध्ये पोलो खेळणारे कॉलर उडू नये म्हणून बटणं लावतात ते बघितलं आणि इकडे येऊन तसाच शर्ट काढला, असं सांगतात. तुमच्या शर्टाच्या कॉलरमध्ये बक्रम (कॉलर ताठ ठेवणारं आतलं कडक कापड) नाहीये, ते कोणी विसरलेलं नाही, मुद्दाम घातलेलं नाही. कॉलरची पात लांब आणि बटण जरा वर, म्हणून कापड सपाट न बसता बाक घेतं. तुम्ही ज्याला फुगणं म्हणताय त्याच्यासाठी इकडे लोक असले शर्ट शोधत फिरतात. आता शर्ट उलटा करून कडेची शिवण बघा, एकाच सुईने आधी एकदा शिवून, कापड दुमडून परत दुसऱ्यांदा शिवलीये, म्हणून बाहेरून एकच टीप दिसते आणि एवढ्या धुण्यांनंतरही चुण्या नाहीत. आणि किमतीचं म्हणाल तर आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनजवळ पर्थ अँबॉयला इंडिव्हिज्युअलाइज्ड शर्ट्स कंपनीवाले अजून मापाने शिवून देतात, तिथे एकदा नव्याचा भाव विचारून या.

इस्त्रीचं म्हणाल तर हे शुद्ध कॉटन आहे, नॉन-आयर्न (इस्त्री न लागणाऱ्या) शर्टांसारखा रेझिनचा, म्हणजे चुरगळू न देणाऱ्या रसायनाचा, थर नाही, त्यामुळे चुरगळणारच. ओला असताना झटकून हँगरला लावा, कॉलरची बटणं लावून हाताने बाक द्या आणि तिथे इस्त्री फिरवू नका प्लीज, आतून बक्रम लावून घेण्याचा विचार तर सोडूनच द्या (तुम्ही विचारलं होतंत म्हणून सांगतो).

परतीचं लेबल आज ईमेल करतो, पोस्टेज माझं. मिस्टरांचा गळा आणि बाही वर सांगितली तशी मोजून कळवा, 15½-33 चा एक निळा आलाय, तो तुमच्यासाठी शुक्रवारपर्यंत बाजूला ठेवतो.